मॉयरे आणि जांभळी किनार : या चुका टाळा

लग्नाचा सीझन आला की कुणीतरी कपड्यांवर विचित्र पट्टे आलेला फोटो पाठवून विचारतंच, "दादा, सेन्सर गेला का?" अरे नाही गेला. आधी फोटो १००% झूमवर बघ, कारण स्क्रीनवर छोटा करून बघताना दिसणारे पट्टे बऱ्याचदा फाइलमध्ये नसतातच.

आता खरा मॉयरे, म्हणजे बारीक विणीच्या कापडावर फोटोत उमटणारे खोटे पट्टे. एका नवीन पोराने एक अख्खं रिसेप्शन आणून दाखवलं, नवरदेवाचा सूट बारीक विणीचा आणि जवळपास प्रत्येक फोटोत कोटावर हिरवे-गुलाबी पट्टे. यूट्यूबवर बघून पठ्ठ्याने पूर्ण फोटोचंच सॅच्युरेशन उतरवलेलं, त्यामुळे पट्टे गेले पण नवरीचा शालू धुतल्यासारखा आणि मेंदी राखाडी! घरचे भडकणारच ना.

दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरल्या की लाटा दिसतात ना, तेच होतं, एक जाळी कापडाची, दुसरी पिक्सेलची. त्यात बेयर सेन्सरवर (बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तोच) चार पिक्सेलमागे दोन हिरवे, लाल आणि निळा एकेकच, मधले रंग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि तिथे फसतं. सेन्सरसमोरचा, चित्र किंचित मऊ करणारा लो-पास फिल्टर हे कमी करायचा, पण शार्पनेससाठी हल्ली बऱ्याच कॅमेऱ्यांत तो नसतोच. २०१२ मध्ये निकॉनने डी८०० सोबत डी८००ई काढला, त्यात या फिल्टरचा परिणाम रद्द केलेला, म्हणजे डिटेल जास्त आणि मॉयरेचा धोकाही जास्त.

मी काय करतो, सूट दिसला की पहिल्या फोटोतच कोटावर झूम करून बघतो, पट्टे असले तर दोन पावलं मागेपुढे नाहीतर अँगल बदलतो, फ्लॅश असेल तर अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ पर्यंत बारीक करतो, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, थोडं सॉफ्ट होतं, होऊ दे. तरी राहिलाच तर लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फक्त कोटावर मास्क (तेवढाच भाग निवडायचा) आणि मॉयरे स्लायडर. पट्ट्यांचे रंग जातात, काळे-पांढरे पट्टे सहसा जात नाहीत, म्हणून "नंतर एडिटमध्ये बघू" म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

जांभळ्या किनारीला मॉयरे म्हणू नका, ती लेन्सची देणगी. फोटोच्या कडांना लाल-निळसर रेघ असेल तर लाइटरूममध्ये 'रिमूव्ह क्रोमॅटिक अॅबरेशन'वर टिक करा, संपलं. फोकसच्या पुढे जांभळं, मागे हिरवं दिसत असेल तर अपर्चर एक-दोन स्टॉप बंद करा. एफ/१.४ ला, म्हणजे अपर्चर सताड उघडं ठेवून, झाडाच्या फांद्यांमागे पांढरं आभाळ घ्यायचं आणि मग लेन्सला शिव्या द्यायच्या, हे बंद करा. डीफ्रिंज (जांभळी-हिरवी किनार पुसणारा स्लायडर) जपून, जांभळी पैठणी असेल तर काठ राखाडी होतात.

आणि स्टेजमागची एलईडी वॉल? तिच्या दिव्यांच्या जाळीनेही मॉयरे येतो. जोडप्याला चार पावलं पुढे घ्या, वॉल आउट ऑफ फोकस जाऊ द्या.