सिंकखाली फिल्टर बसवताना या चुका टाळा: दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या

सिंकखाली नवा फिल्टर बसला की पहिले दोन दिवस आपण तासातासाला कपाटाचं दार उघडतो, वाकतो, नळ्यांखालून हात फिरवतो. हाताला ओल लागली नाही की हायसं वाटतं. मग त्या कपाटात भांडी घासायचा साबण, जुने डबे, पिशव्यांची पिशवी असं सगळं परत येतं आणि फिल्टर त्यामागे गडप होतो.

माझ्या मते बाहेर गळणारा फिल्टर त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचा. फरशी ओली करून तो निदान तक्रार तरी करतो. खरा घात करतो तो आतल्या आत गळणारा. पाणी नेहमी सोपी वाट शोधतं. कार्ट्रिजच्या, म्हणजे आतल्या बदलायच्या गाळणीच्या, कडेला केसाएवढी फट मिळाली तरी ते गाळणीतून जायचा त्रास घेत नाही, कडेने निसटून थेट नळाला येतं. धार छान असते, पाणी काचेसारखं दिसतं आणि घरात कुणाला काही कळत नाही. म्हणून या लेखात गळतीपेक्षा या दुसऱ्या प्रकाराबद्दल जास्त बोलणार आहे.

पाणी न तपासता फिल्टर आणणं

पहिली चूक पाना हातात घेण्याआधीच होते. शेजारच्यांकडे आहे तोच आपणही आणतो. पण फिल्टर म्हणजे काही एकच वस्तू नाही. कार्बन क्लोरीन घालवतो, वास आणि चव सुधारतो, काही सेंद्रिय रसायनंही धरतो. मात्र पाण्यातले विरघळलेले क्षार, नायट्रेट किंवा पाण्याचा जडपणा साध्या कार्बनला घालवता येत नाही. त्यासाठी आरओ लागतो, म्हणजे मेम्ब्रेन नावाच्या अतिबारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलणारं यंत्र. उलट पाणी मुळात गोडं असेल आणि तक्रार फक्त क्लोरीनच्या वासाची असेल, तर आरओ बसवून निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडण्यात काय अर्थ?

खोक्यावर एनएसएफ/एएनएसआय असं (हे अमेरिकी मानकाचं नाव) लिहून पुढे आकडा असेल तर तो वाचा. ४२ म्हणजे चव, वास, क्लोरीन. ५३ म्हणजे शिशासारखे आरोग्याला घातक घटक, पण त्यातले नेमके कोणते ते यादीत बघावं लागतं. ५८ हा आरओसाठी. ४२चा फिल्टर घेऊन शिसं जाईल अशी आशा धरणारे बरेच असतात.

बसवताना

जोडणी फक्त थंड पाण्याच्या लाइनवर करायची. बहुतेक घरगुती फिल्टरांची मर्यादा ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सिंकखाली दोन अँगल कॉक शेजारीशेजारी असतात आणि चुकीचा निवडणं फार सोपं असतं, म्हणून आधी नळ सोडून कोणता कुठला ते बघून घ्या. मुख्य पाइपला भोक पाडून बसवायचा, सुई असलेला सॅडल व्हॉल्व्ह काही संचांत येतो. तो वापरू नका. अँगल कॉकवर टी बसवा. चार मिनिटं जास्त जातात, पण पुढे कधीतरी गळायला लागणारा एक सांधा कमी होतो.

पुश-फिट जोडात नळी नुसती खुपसायची असते, त्यामुळे हे काम पोरखेळ वाटतं. कात्रीने कापलेली नळी तिरपी असते आणि तोंडाशी चपटते. अशी नळी आतल्या ओ-रिंगवर, म्हणजे रबराच्या गोल कड्यावर, नीट बसत नाही. धारदार ब्लेडने किंवा नळी कापायच्या कटरने काटकोनात कापा. टोकापासून साधारण दीड सेंटिमीटरवर पेनने खूण करा. नळी घातली की आधी ती कॉलरपाशी अडते. तिथे थांबणाऱ्यांचेच जोड रात्री निसटतात. आणखी जोर दिला की ती ओ-रिंगच्या पलीकडे जाऊन टेकते आणि खूण जवळजवळ दिसेनाशी होते. मग नळी उलट ओढून बघायची आणि क्लिप लावायची.

टेफ्लॉन टेप आट्यांसाठी असतो, तोही निमुळत्या आट्यांसाठी. पुश-फिटवर, किंवा जिथे रबराचा वॉशरच पाणी अडवतो अशा नटावर टेप गुंडाळला, तर वॉशर नीट दबत नाही आणि जो सांधा गळला नसता तोच गळतो. आटे आपल्याकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटा गुंडाळला तर घट्ट करताना तो सुटत जातो.

हाउसिंगचा, म्हणजे कार्ट्रिज ज्यात बसतं त्या भांड्याचा, बाउल हाताने आवळा. सोबत येणारा मोठा पाना उघडण्यासाठी आहे. त्याने आवळलेला बाउल पुढच्या वेळी उघडताना घाम काढतोच, शिवाय प्लास्टिकला तडा जायची भीती असते. तडा दिवसा जात नाही असा माझा अनुभव आहे. रात्री सगळे नळ बंद असतात, लाइनमधला दाब वाढतो आणि पहाटे स्वयंपाकघरात तळं होतं.

आरओच्या सांडपाण्याची नळी ड्रेन सॅडलने सिंकच्या पाइपला जोडतात. सॅडल ट्रॅपच्या (पाणी साठवून वास अडवणाऱ्या वळणाच्या) आधी, म्हणजे सिंकच्या बाजूला हवा. ट्रॅपच्या पलीकडे बसवला तर गटारातल्या वासाला वर यायला वाट मिळते. भोक पाइपच्या एकाच भिंतीला पाडायचं. ड्रिलवर जोर देणारे आरपार जातात.

पाण्याच्या दाबाचा हिशेबही आधीच करा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार, म्हणजे १४ पीएसआय. पंपाशिवाय चालणाऱ्या आरओला निदान ४० पीएसआय लागतात. म्हणजे फक्त टाकीच्या उंचीवर भिस्त असेल, तर ती टाकी नळाच्या २८ मीटर वर हवी. तेवढी उंची नसेल तर बूस्टर पंप लागणारच. दाब कमी असताना मेम्ब्रेन बदलत बसण्यात काही हशील नाही. उलट दाब ८० पीएसआयच्या वर जात असेल तर आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा.

आतली गळती

आता मुख्य मुद्दा. कार्बन ब्लॉकच्या दोन्ही टोकांना रबराचे चपटे गॅस्केट असतात. जुनं कार्ट्रिज काढताना त्यातलं एखादं वर हाउसिंगच्या टोपणालाच चिकटून राहतं आणि नव्या कार्ट्रिजचं त्याच्यावर बसतं. दोन गॅस्केट एकावर एक आले की दोन्ही तिरपे होतात आणि पाण्याला हवी ती फट मिळते. कार्ट्रिज बदलताना टोपणाच्या आत बोट फिरवून बघा.

मेम्ब्रेनच्या एका टोकाला दोन बारीक ओ-रिंगा असतात. ते टोक आधी आत जातं आणि तळाच्या भोकात घट्ट बसावं लागतं. ओ-रिंग कोरड्या असल्या की मेम्ब्रेन अर्ध्यावर अडतं आणि आपण समजतो की बसलं. मग कच्चं पाणी ओ-रिंगच्या कडेने शुद्ध पाण्यात मिसळतं. नवीन मेम्ब्रेन टाकूनही टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) उतरत नसेल तर माल खराब म्हणण्याआधी मेम्ब्रेन बाहेर काढा, ओ-रिंग ओल्या करा आणि पुन्हा जोराने आत दाबा. हे सोपं काम बहुतेक वेळा पुरतं.

ओ-रिंगला ग्रीस लावायचं तर खाण्याच्या पाण्याला चालेल असं सिलिकॉनचं लावा. घरातली पेट्रोलियम जेली सगळ्यात आधी हाताला लागते, पण ईपीडीएम जातीचं रबर तिने फुगतं आणि मऊ पडतं. आधी छान सील झाल्यासारखं वाटतं, म्हणून तर फसायला होतं.

आणि एक कबुली. एकदा कार्बन बदलल्यावर नळाला थेंबही येईना. मी अँगल कॉक उघडला, बंद केला, नळ्या सोडवल्या, पंपाला शिव्या घातल्या. तासाभराने बाउल उघडला तर कार्ट्रिजवरचं पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टन तसंच होतं. घरच्यांना मी "हवा अडकली होती" असं सांगितलं.

इनलाइन फिल्टरवर बाण असतो, तो पाणी जातं त्या दिशेने ठेवायचा. यावर आणखी लिहायची गरज नाही, पण उलटे लावलेले फिल्टर मी पाहिलेत.

पहिलं पाणी

नव्या कार्बनमधून सुरुवातीला काळपट पाणी येतं. ती कोळशाची भुकटी असते, पाच-दहा मिनिटं पाणी सोडलं की थांबते. आरओमध्ये ही भुकटी मेम्ब्रेनवर जाऊन बसू नये म्हणून मेम्ब्रेन बसवण्याआधीच कार्बन धुऊन घ्यायचा. घाईत सगळं एकदम बसवतात, ही चूक. आरओची पहिली भरलेली टाकी पूर्ण ओतून टाका. पाणी दुधासारखं पांढरं दिसलं तर ग्लास ओट्यावर ठेवून बघा. पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला तर ते हवेचे बुडबुडे. दोन-चार दिवसांत जातात.

कार्बनवर वाचवलं, मेम्ब्रेनवर गेलं

देखभालीतली सगळ्यात महाग चूक हीच. आरओमधला कार्बन फक्त चवीसाठी असतो असा समज आहे. खरं तर तो मेम्ब्रेनचा पहारेकरी आहे. १९५९च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी आरओचं पहिलं कामाचं मेम्ब्रेन बनवलं, ते सेल्युलोज ॲसिटेटचं. त्याला थोडं क्लोरीन सोसायचं. नंतर जॉन कॅडॉट यांनी आणलेलं पॉलिअमाइडचं पातळ थर असलेलं मेम्ब्रेन त्याच्याहून कितीतरी सरस ठरलं आणि आज घरोघरी त्याच जातीचं वापरलं जातं, पण क्लोरीन हा त्याचा शत्रू. कार्बन संपला की क्लोरीन मेम्ब्रेनपर्यंत पोचतं आणि तो थर हळूहळू खातं. तो परत भरून येत नाही. म्हणून सेडिमेंट (गाळ अडवणारा फिल्टर) आणि कार्बन ६ ते १२ महिन्यांत बदलायचे, पाणी गढूळ असेल तर त्याआधी. मेम्ब्रेन मग दोन-तीन वर्षं आरामात जातं.

"अजून पाणी चांगलं येतंय की" हा बदलण्याचा निकष नव्हे. सेडिमेंट फिल्टर तुंबला की धार बारीक होते, म्हणजे तो सांगतो. कार्बन संपला तरी धार तशीच राहते.

दुसरी हौस पाणी वाचवण्याची. वाया जाणारं पाणी बघवत नाही म्हणून सांडपाण्याची नळी चिमटणारे किंवा तिला कॉक लावून अर्धी बंद करणारे लोक आहेत. हेतू चांगला, पण ते पाणीच मेम्ब्रेनवरचे क्षार वाहून नेतं. ते अडवलं की क्षार तिथेच बसतात. हे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा.

टीडीएस मीटरवर आंधळा विश्वास

हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू, कीटकनाशकं, क्लोरीन त्याला दिसत नाहीत. नुसत्या कार्बन फिल्टरनंतर आकडा बदलत नाही, त्यात फिल्टरचा दोष नाही. आणि कमी आकडा म्हणजे जास्त शुद्ध, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण ६०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत पाण्याची चव चांगली मानली जाते.

आरओसाठी मात्र मीटर कामाचा आहे, फक्त दोन्हीकडचं पाणी मोजा. आत येणारं ४००, बाहेर पडणारं ३० म्हणजे ९२ टक्के क्षार अडले, उत्तम. तेच बाहेरचं १०० झालं तर ७५ टक्के, म्हणजे मेम्ब्रेन थकलं किंवा ओ-रिंग निसटली. रात्रभर बंद असलेल्या यंत्राच्या मेम्ब्रेनमधून पहिलं येणारं पाणी मोजू नका, त्याचा आकडा नेहमीच चढा असतो.

धार बारीक, किंवा सांडपाणी थांबतच नाही

टाकीवाल्या आरओत एक-दोन ग्लास जोरात आणि मग एकदम करंगळीएवढी धार, असं झालं तर टाकीतली हवा गेलेली असते. टाकी रिकामी करून टायरच्या गेजने दाब बघा, ७ ते ८ पीएसआय हवा. भरलेल्या टाकीवर घेतलेला आकडा काही सांगत नाही. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर आतला रबरी पडदा फाटलाय, टाकीच बदला.

टाकी भरूनही सांडपाणी वाहत राहिलं तर टाकीचा कॉक बंद करून दहा मिनिटं थांबा. वाहणं थांबलं तर आधी टाकीचीच हवा बघा. नाही थांबलं तर मेम्ब्रेनच्या हाउसिंगमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह गेला. पंपाच्या यंत्रात पंप बंद असतानाही थेंब पडत असतील तर सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये (विजेवर उघडझाप होणाऱ्या) कचरा अडकलेला असतो.

साफसफाई, दिवा आणि गावाला जाणं

कार्बन क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे त्याच्या पुढच्या नळ्यांत जंतूंना अडवायला कुणीच उरत नाही. म्हणून वर्षातून एकदा हाउसिंग बिनवासाच्या साध्या ब्लीचने धुवा, पण मेम्ब्रेन आणि सगळी कार्ट्रिजं बाहेर काढून. आत ठेवून ब्लीच सोडलं तर वर सांगितलेला क्लोरीनचा मार एका दिवसात बसतो. त्यात व्हिनेगर तर मुळीच मिसळू नका, विषारी वायू होतो. वास जाईपर्यंत पाण्याने खळखळून घ्या.

काही यंत्रांत असणारा यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा निळसर पेटलेला दिसतो म्हणजे काम चालू आहे, असं नसतं. जंतू मारणारा प्रकाश २५४ नॅनोमीटरचा, तो डोळ्यांना दिसत नाही. अखंड चालणाऱ्या दिव्याचं आयुष्य साधारण ९००० तास, म्हणजे वर्षभर. पुढेही तो पेटत राहतो, पण मारा कमजोर पडतो. आतल्या काचेच्या नळीवर क्षारांचा थर बसला तरी तेच होतं.

आठवडाभर गावाला जाताना सिंकखालचा अँगल कॉक बंद करा. आल्यावर टाकी ओतून टाका, निदान पाच मिनिटं पाणी सोडा आणि मगच ग्लास भरा.

माझ्या कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत: सेडिमेंट कधी, कार्बन कधी, टीडीएस आत किती, बाहेर किती. त्या "हवा अडकली होती"च्या दिवसापासून प्रत्येक कार्बनच्या तारखेपुढे एक शेरा असतो, "वेष्टन काढलं."