डॅशबोर्ड हिरवा, गिऱ्हाईक लालबुंद: ऑनलाइन सेवा मोजताना या चुका टाळा

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आमची साइट चाळीस मिनिटं आडवी झाली. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी येतात नेमक्या तेव्हाच. महिनाअखेरीला अंधेरीच्या ऑफिसात आयटीवाल्यांनी स्लाइड लावली: अपटाइम (साइट चालू राहिल्याचा वेळ) ९९.९ टक्के, ठरल्याप्रमाणे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ३० दिवसांत ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. ती कुठल्या दिवशी वापरायची, हे करारात नव्हतंच.

म्हणून महिन्याचा एकच आकडा मागू नका. सणांचं, पगाराच्या तारखांचं कॅलेंडर धंदा सांभाळणाऱ्यांनी द्यायचं आणि त्या तासांचा हिशेब वेगळा ठेवायचा. त्या आठवड्यात साइटमध्ये नवे बदलही नकोत.

दुसरी चूक माझीच. 'सेवा कशी वाटली?' हा पॉप-अप मी ऑर्डर पूर्ण झाल्यावरच्या पानावर टाकला. तारे भरभरून मिळाले! अहो, ज्याची ऑर्डर अडकली, तो त्या पानापर्यंत पोचलाच कुठे? भरलेली कार्ट सोडून गेलेल्यांना विचारा.

ऑर्डर द्यायला लागणाऱ्या सरासरी वेळेवरही विसंबू नका. सर्वात जास्त ताटकळलेल्या पाच टक्क्यांचा वेळ बघा. चाचणी ऑफिसच्या वाय-फायवर नको. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये, एका हातात हँडल धरून करून बघा. ओटीपी वाचायला मेसेजमध्ये गेलात आणि परत येईपर्यंत कार्ट रिकामी झाली, तर दोष सापडला म्हणून समजा.

'पैसे कापले, ऑर्डर नाही' असे फोन वाढलेत, पण डॅशबोर्ड (साइटची तब्येत दाखवणारा फलक) हिरवाच? बहुधा बँकेत व्यवहार झालेला असतो, फक्त त्याचा निरोप आपल्या सर्व्हरपर्यंत आलेला नसतो. 'फेल' दाखवण्याआधी पेमेंट गेटवेला (बँक आणि साइट यांना जोडणाऱ्या सेवेला) पुन्हा स्टेटस विचारा, नाहीतर माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो. रोज रात्री गेटवेची यादी आणि ऑर्डरींची यादी ताडून बघा.

परशुरामन, झाइटहॅमल आणि मल्होत्रा या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेली ई-एस-क्वाल ही ऑनलाइन सेवेच्या दर्जाची २२ विधानांची मोजपट्टी चार गोष्टी तपासते: वापरातली सोय, दिलेला शब्द पाळणं, साइट चालू असणं आणि माहितीची गोपनीयता. आम्ही तिसरीलाच चिकटून बसलो होतो. दुसरी तर गोडाऊन आणि डिलिव्हरीवाल्यांच्या हातात. ती आयटीच्या गळ्यात मारून चालत नाही.

आता आमच्या मीटिंगची पहिली ओळ असते, 'पैसे कापले, ऑर्डर नाही: किती?' भांडणं अजून होतात, पण दोन्हीकडचे लोक एकाच आकड्यावरून भांडतात.