मोबिलिटी स्कूटरच्या फिरत्या सीटचं लॉक कसं तपासावं, कसं दुरुस्त करावं

ज्येष्ठांच्या तीन किंवा चार चाकी बॅटरी स्कूटरवर सीट बाजूला फिरते, त्यामुळे हँडलला वळसा घालून पाय आत-बाहेर काढावे लागत नाहीत. पण उठता-बसताना माणसाचं सगळं वजन सीटच्या एका कडेवर येतं आणि त्या वेळी सीट जागेवर धरून ठेवते ती बोटाएवढी एक पिन. पूर्ण मोडलेलं लॉक लगेच लक्षात येतं. घात करतं ते अर्धवट लागलेलं लॉक, कारण सीट हलकेच हलवून पाहिली तर ते लागल्यासारखंच वाटतं. म्हणून या कामात सगळा भर एकाच गोष्टीवर ठेवायचा: पिन खाचेत पूर्ण उतरली आहे की नाही, हे नक्की कळलं पाहिजे.

आत काय असतं

सीटच्या तळाला चार बोल्टांनी एक लोखंडी ब्रॅकेट बसवलेली असते. तिच्या मधोमध जाड नळकांड्यासारखा हब असतो आणि तो स्कूटरच्या उभ्या खांबावर बसतो. हब आणि खांब यांच्यामध्ये बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा बुश (नळीसारखी बाही) असतो. खांबाच्या माथ्यावर किंवा खालच्या चकतीवर खाचा असतात. बऱ्याच गाड्यांना दर ४५ किंवा ९० अंशांवर एक. सीटखालचा लिव्हर ओढला की पिन (काही गाड्यांत चपटी जीभ) खाचेतून बाहेर येते. सोडला की स्प्रिंग तिला परत आत ढकलते. अनेक गाड्यांत हाच लिव्हर ओढून सीट वर उचलून काढताही येते, म्हणजे फिरण्याचं आणि निघण्याचं लॉक एकच असतं. तुमच्या गाडीत तसं असेल तर अर्धवट लॉक दुप्पट धोक्याचं.

लागणारं सामान

१० आणि १३ नंबरचे पाने, ५ आणि ६ मिमीची एलन की, जुना टूथब्रश, सुती चिंध्या, बॅटरी (टॉर्च), मोजपट्टी, डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस, मशीन ऑइल आणि गडद रंगाचं नेलपॉलिश. एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टाच्या षटकोनी डोक्याला १० चा पाना बसतो, एम८ ला (८ मिमी) १३ चा. एलन डोक्याचे असतील तर अनुक्रमे ५ आणि ६ मिमीची की. जवळपास सगळं काम एवढ्यात होतं.

आधी गाडी निर्धोक करा

गाडी सपाट फरशीवर घ्या, किल्ली काढून खिशात टाका, चार्जर सोडवा. मागचा फ्रीव्हील लिव्हर (गाडी हाताने ढकलता यावी म्हणून असलेला) ‘ड्राइव्ह’वर आहे ना ते पाहा. या गाड्यांचा पार्किंग ब्रेक मोटारीवर असतो आणि फ्रीव्हीलमध्ये तो सुटलेला असतो, त्यामुळे किल्ली काढली म्हणून गाडी जागेवर राहीलच असं नाही. मागच्या चाकाला दोन्हीकडून वीट लावा. सीट फिरवताना आर्मरेस्ट किंवा कोपर अ‍ॅक्सिलरेटरला लागू शकतं. किल्ली चालू असेल तर गाडी तिथल्या तिथे पुढे उडी घेते. म्हणून किल्ली काढायची ती फक्त दुरुस्तीच्या दिवशी नाही, दर वेळी सीट फिरवण्यापूर्वी.

तपासणी

सीटवर कोणी बसलेलं नसताना हे करा.

१. सीट समोर तोंड करून लॉक करा. खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पिन खाचेच्या तळापर्यंत गेल्याची खात्री करा. आता लिव्हर जिथे थांबला आहे तिथे लिव्हर आणि शेजारची ब्रॅकेट यांच्यावरून सरळ एक नेलपॉलिशची रेघ ओढा. ती वाळू द्या. यापुढे लॉक पूर्ण लागलं तर रेघ जुळेल आणि अर्धवट राहिलं तर तुटलेली दिसेल.

२. लिव्हर ओढा, सीट थोडी फिरवा आणि लिव्हर सोडून द्या. मग सीट हळूहळू फिरवत न्या. पुढची खाच आली की पिन आपोआप ‘टक्’ करून आत पडली पाहिजे. लिव्हरला हाताने ढकलावं लागलं तर लॉक नापास. असं प्रत्येक खाचेवर करा. रोज वापरली जाणारी बाजूची खाच सगळ्यात जास्त झिजते, तिथे दोनदा पाहा.

३. आर्मरेस्टच्या पुढच्या टोकापाशी मोजपट्टी धरून सीट दोन्हीकडे जोराने पिळून पाहा. खांबाच्या मध्यापासून ३० सेंमीवर ५ मिमी हालचाल म्हणजे साधारण १ अंश. थोडी खडखड नव्या गाडीतही असते, म्हणून आकडा लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तो वाढला तर काहीतरी झिजतं आहे किंवा सैल होतं आहे.

४. शेवटी एका धडधाकट माणसाला बाजूला लॉक केलेल्या सीटवर बसवा. त्याने पाय जमिनीवर रोवून कंबरेने सीट दोन्हीकडे रेटायची. दुसऱ्याने पाठ धरून ठेवायची. पिन सरकते का, रेघ हलते का, एवढंच पाहायचं.

सीट डुगडुगते, पण नक्की कुठून?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. सीट हलली की लोक लॉकला दोष देतात, आणि पुष्कळदा लॉक बिचारं ठीक असतं. हलण्याच्या जागा चार: सीट आणि ब्रॅकेटमधले बोल्ट, हब आणि खांबामधला बुश, उंची कमी-जास्त करण्यासाठी एकात एक घातलेल्या दोन नळ्या, आणि खांब जिथे चासीला जोडला आहे तो सांधा.

शोधायची रीत सोपी आहे. दुसऱ्या माणसाला सीटची पाठ धरून सावकाश हलवायला सांगा. तुम्ही तर्जनी सांध्यावर अशी ठेवा की अर्धं बोट वरच्या भागावर आणि अर्धं खालच्या भागावर टेकेल. जिथे दोन भाग एकमेकांपासून वेगळे हलतात तिथे ते बोटाच्या कातडीला लगेच कळतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकी हालचालही जाणवते. वरून खाली एकेक सांधा तपासत या. बोट लॉकच्या पिनेपाशी किंवा खाचेत मात्र घालू नका.

हालचाल पुढे-मागे असेल तर बहुधा बुश किंवा नळ्या. गोल फिरण्याच्या दिशेने असेल तर पिन आणि खाच, किंवा नळ्यांमधली उंचीची पिन. सीट एका कोपऱ्यात उचलल्यासारखी होत असेल तर वरचे बोल्ट.

दुरुस्ती

*साफसफाई.* पिन अडखळत असेल तर आधी हेच करा, पुष्कळदा पुढचं काही लागतच नाही. सीट काढताना दोघं लागा. आर्मरेस्टसकट ती सहज दहा-पंधरा किलो भरते आणि आडव्या हाताने उचलल्यास कंबर धरते. खाली वायर दिसली तर ओढू नका, आधी कनेक्टर सोडवा (विजेवर वर-खाली होणाऱ्या सीटना वायर असतेच). खाचांमध्ये केस, शालीचे धागे, अंगणातली माती आणि वाळून डांबर झालेलं जुनं ग्रीस सापडेल. टूथब्रश डिझेलमध्ये बुडवून घासा, चिंधीने कोरडं करा. ब्रेक आणि वायरिंगवर थेंब जाऊ देऊ नका.

नंतर ग्रीस लावायचं ते फक्त खांब आणि बुश जिथे घासतात तिथे, पातळ थर. खाचांत ग्रीस भरू नका. त्यात धूळ बसून लगदा होतो, तो खाचेच्या तळाशी साचतो आणि पिन दोन मिलिमीटर वरच थांबते. पिनेला मशीन ऑइलचे एक-दोन थेंब पुरतात. गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि काम झालं, असंही समजू नका. तो गंज सोडवतो, पण थोड्याच दिवसांत उडून जातो आणि जाताना जुनं ग्रीसही धुऊन नेतो.

*स्प्रिंग.* साफ करूनही पिन स्वतःहून पडत नसेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा तिचा आकडा उघडला आहे. जुनी स्प्रिंग घेऊनच दुकानात जा आणि तीन मापं जुळवा: तारेची जाडी, वेटोळ्याचा बाहेरचा व्यास, मोकळी लांबी. ‘थोडी कडक देतो, टिकेल’ असं दुकानदार म्हणेल, तर नको म्हणा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, १.२ मिमीच्या जागी १.४ मिमीची तार घेतली तर बाकी सगळं सारखं असूनही ती पावणेदोनपटीहून जास्त कडक होते. संधिवाताच्या बोटांना तो लिव्हर ओढवणार नाही. मग आजी तो अर्धाच ओढतील, आणि आपण पुन्हा अर्धवट लॉकपाशीच येऊ.

*बोल्ट.* सीटखालचे चारही बोल्ट एकदम पूर्ण आवळू नका. समोरासमोरची जोडी थोडी थोडी करत आवळा. लोखंडी तळ असेल तर एम८ ला २० ते २५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुष्कळ. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा. सीटचा तळ प्लायवूडचा असेल तर त्याहून कमी, आणि खाली मोठा वॉशर घाला, नाहीतर लाकूड दबून बोल्ट पुन्हा सैल होतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की नवा लावा. आतलं नायलॉन एकदा कापलं गेलं की पकड राहत नाही. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळण्यासारखे उपाय इथे चालत नाहीत.

*बुश.* हा सुटा मिळाला नाही तर लेथवाला तासून देतो. नायलॉनपेक्षा डेलरिनचा (एक कडक प्लॅस्टिक) मागा. नायलॉन हवेतली ओल शोषून फुगतं, आणि मुंबई-कोकणात जुलैमध्ये सीट अचानक जड फिरू लागण्याचं हे एक कारण असतं. नुसत्या मापावर भागवू नका, खांब आणि हब दोन्ही समोर ठेवून काम करून घ्या. सीट एका हाताने फिरली पाहिजे, पण डुगडुगली नाही पाहिजे.

*वाकलेला लिव्हर.* उठताना आधार म्हणून लिव्हर धरण्याची सवय अनेकांना असते, त्याने तो हळूहळू खाली वाकतो. कधी सीट काढून जमिनीवर टेकवताना तो तिच्या वजनाखाली येतो. वाकलेला लिव्हर प्लॅस्टिकच्या कव्हरला घासून मध्येच अडतो आणि पिन पूर्ण जात नाही. किंचित वाकला असेल तर सोडवून, शिकंज्यात धरून सरळ करता येतो. पुन्हा पुन्हा सरळ करू नका, तिथूनच तुटेल. आर्मरेस्टला पिशवी अडकवत असाल तर तिचा बंद लिव्हरवर येत नाही ना, तेही पाहा.

काय करू नये

सैल वाटते म्हणून खाच कानशीने खोल करू नका. खाच रुंद होते आणि सैलपणा वाढतो. पिनेचं टोक गोल झालं असेल तर त्यावर वेल्डिंगने भर घालू नका. कडक केलेलं पोलाद तापलं की मऊ पडतं आणि पिन महिन्याभरात पुन्हा झिजते. लॉक बिघडलंय म्हणून लिव्हर केबल टायने बांधून ठेवणं हा प्रकार तर अगदी नको, कारण बांधताना पिन कुठे होती हे नंतर कुणालाच माहीत नसतं.

हबच्या वेल्डिंगला केसासारखी चीर, पिनेला बाक, किंवा लांबट झालेली खाच दिसली तर पूर्ण स्विव्हल असेंब्लीच (सीट फिरवणारा अख्खा जोड) बदला. विक्रेत्याकडे मागणी करताना गाडीचं मॉडेल, चासी नंबर, व्हर्नियरने मोजलेला खांबाचा बाहेरचा व्यास आणि सीटखालच्या चार भोकांमधलं अंतर द्या. नुसत्या फोटोवरून आलेला भाग बसत नाही. तोपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

बसणाऱ्याला काय शिकवायचं

‘टक् आवाज आला की उठा’ असं सांगून भागत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तो आवाज येतच नाही, आणि अर्धवट लॉकही कधी कधी टक् करतं. त्याऐवजी हा क्रम हाताला लावून द्या:

किल्ली काढा. आर्मरेस्ट वर करा. पाय फ्लोअरबोर्डवर टेकवून अंगाचं वजन किंचित हलकं करा आणि मगच लिव्हर ओढा. लिव्हर जड लागतो तो बहुतेक वेळा पिन खाचेच्या भिंतीला दाबलेली असते म्हणून. सीट एखादा अंश उलट दिशेला ढकलली की तो अलगद येतो. फिरायला लागल्यावर लिव्हर लगेच सोडा. खाच आली की हात खाली नेऊन लिव्हर पूर्ण परतला आहे का ते चाचपा. मग कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवा. सीट हलली नाही तरच दोन्ही पाय जमिनीवर ठेवा आणि सीटच्या कडेवर तळहात दाबून उठा. हँडल ओढून उठायचं नाही.

एका बाजूला अशक्तपणा असेल तर सीट धडधाकट पायाच्या बाजूला फिरवा. उतारावर फिरवू नका. सुटलेली सीट स्वतःच्या वजनानेच खालच्या दिशेला वळते, आणि तीन चाकी गाडीत वजन एका कडेला गेलं की गाडीच कलंडू शकते. साडीचा पदर किंवा धोतराचा सोगा हबपाशी लोंबकळत नाही ना, हे सोबतच्याने पाहावं. आणि सीट बाजूला वळलेली असताना गाडी एक फूटही चालवायची नाही, सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंतसुद्धा.

कधी काय पाहायचं

नेलपॉलिशची रेघ रोज, बसण्यापूर्वी. हालचालीचा आकडा आणि बोल्ट महिन्यातून एकदा. सीट काढून पूर्ण सफाई वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर. समुद्रकाठी दर तीन महिन्यांनी. गाडी पाइपने धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधली तर आत दमट हवा कोंडते आणि खांबावर गंज चढतो, म्हणून खालून वीतभर मोकळी ठेवा.