पावसाळ्यात जनावरांच्या खाद्यातील कोंडा आणि चुणी कशी साठवावी
कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा, राधानगरी, गगनबावडा या भागांत पावसाळी हवा इतकी दमट असते की, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कोंड्याच्या पोत्याला काही दिवसांतच कुबट वास येऊ लागतो. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून रचावीत. भाताच्या कोंड्यातील तेल लवकर खवट होते, त्यामुळे गिरणीतून १५ दिवसांपुरताच कोंडा आणावा. बुरशी लागलेली चुणी (डाळ भरडताना निघणारा चुरा व टरफले) उन्हात वाळवून म्हशीला घालणे ही मला सर्वांत घातक काटकसर वाटते, कारण बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष वाळवल्याने जात नाही आणि त्याचा अंश दुधातही उतरतो. आंबोणात (जनावरांच्या भिजवलेल्या खाद्यात) कोंडा नव्याने घालताना त्याचे प्रमाण ७ ते १० दिवसांत हळूहळू वाढवावे. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, पण कॅल्शियम कमी असल्याने सोबत खनिज मिश्रण द्यावे.