ग्लायडरचा व्हेरिओ चुकीचं दाखवतोय? मेनू उघडण्याआधी या चुका टाळा

एक अख्खा हंगाम मी खोट्या थर्मलमागे, म्हणजे नसलेल्या वर जाणाऱ्या उष्ण हवेमागे, फिरलो. वेग कमी करायला स्टिक जरा मागे घेतली की व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारं उपकरण) जोरात बीप करायला लागायचा, काटा +३ वर जायचा, मी वळायचो, आणि अर्धं वर्तुळ होईपर्यंत काटा शून्याच्या खाली. दर वेळी वाटायचं की थर्मलचा गाभा हुकला. मग डॅम्पिंग (काटा किती सावकाश हलावा ते) बदललं, टीईचे (वेगातल्या बदलाच्या भरपाईचे) टक्के बदलले, पोलार (कोणत्या वेगाला ग्लायडर किती उतरतं त्याचा आलेख) बदलून पाहिला. शेवटी शेपटीजवळ, प्रोबच्या (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या दांडीच्या) सॉकेटवर चढवलेली नळी हातात घेऊन वाकवली, तेव्हा कडेला केसाएवढी चीर उघडली. सरळ धरली की दिसत नव्हती. मेनूतल्या एकाही आकड्याने ती बुजणार नव्हती, आणि माझ्या सगळ्या बदलांनी मूळचं चांगलं सेटिंग मात्र बिघडवून ठेवलं होतं.

म्हणून व्हेरिओवर शंका आली की मेनू सगळ्यात शेवटी उघडा. आधी नळ्या, मग प्रोब, मग टीईची निवड, मग पोलार, आणि त्यानंतरच आवाज आणि डॅम्पिंग. हा क्रम उलटा केला की एक चूक दुसरीखाली झाकली जाते.

गळती: पाच हेक्टोपास्कलचा खेळ

टोटल एनर्जी, म्हणजे टीई व्हेरिओचं काम आधी डोळ्यासमोर आणू. ताशी १५० किमी वेगाने जाणाऱ्या ग्लायडरने नाक वर घेऊन वेग ताशी ९० वर आणला, तर नुसत्या वेगाच्या मोबदल्यात त्याला साधारण ५६ मीटर उंची मिळते. हे आठ सेकंदांत झालं तर साधा व्हेरिओ सेकंदाला ७ मीटर चढ दाखवेल. हवा मात्र जागची हललेलीही नसते. यालाच स्टिक थर्मल म्हणतात. टीई प्रोब हा खोटा चढ वजा करतो. त्याच्या छिद्रांपाशी स्टॅटिक (आसपासच्या हवेच्या) दाबापेक्षा बरोबर डायनॅमिक (वेगामुळे येणाऱ्या) दाबाइतका कमी दाब तयार होतो. वेग घटला की ही ओढ घटते, उंची वाढली की स्टॅटिक दाब घटतो, आणि दोन्ही एकमेकांना फेडतात.

आता ही ओढ केवढी? समुद्रसपाटीच्या हवेत ताशी १०० किमीला पाच हेक्टोपास्कलच्याही आत. एवढ्याशा फरकावर सगळा हिशोब उभा आहे. नळीला कुठेही चीर असली की कॉकपिटमधली किंवा फ्युजलाजमधली (ग्लायडरच्या धडातली) हवा आत शिरते, ओढ कमी पडते, आणि स्टिक थर्मल परत येतो. पायलट टीईचे टक्के वाढवत बसतो. एका वेगाला ते जमल्यासारखं वाटतं, दुसऱ्या वेगाला फसतं.

तपासणी सोपी आहे, पण हात हलका हवा. प्रोबच्या टोकावर छिद्रं झाकून घट्ट बसेल अशी मऊ नळी चढवा. तिला टी-जोड लावून एका फाट्याला छोटी सिरिंज जोडा आणि दुसरा फाटा उघडा ठेवा. हा उघडा फाटा महत्त्वाचा आहे, कारण नळी चढवतानाच आतला दाब वाढून उपकरणाला झटका बसू शकतो. सगळं बसलं की उघडा फाटा चिमट्याने बंद करा आणि दट्ट्या अगदी हळू मागे घ्या.

किती हळू? पाच मीटर लांब आणि आतून पाच मिलिमीटर व्यासाच्या नळीत फक्त १०० मिलिलिटरच्या आसपास हवा मावते. सिरिंज एक मिलिलिटर ओढली की दाब दहा हेक्टोपास्कलने पडतो, म्हणजे उपकरणाच्या मते ग्लायडर ८० मीटरहून जास्त वर गेलं. हे एका सेकंदात केलंत तर काट्याच्या व्हेरिओचं कायमचं नुकसान होऊ शकतं. तेच अर्ध्या मिनिटात केलं तर व्हेरिओ सेकंदाला तीनेक मीटर चढ दाखवेल. तोंडाने फुंकणं किंवा ओढणं तर कधीच नको.

आता दट्ट्या आहे तिथे धरून ठेवा. नळी शाबूत असेल तर काटा शून्यावर येऊन थांबेल. गळती असेल तर काटा शून्याखाली उतरून तिथेच रेंगाळेल, कारण बाहेरची हवा आत येऊन दाब वाढतोय आणि व्हेरिओला ग्लायडर खाली जातंय असं वाटतंय. मग नळी मध्येच चिमट्याने दाबून पाहा: काटा शून्यावर आला तर गळती चिमट्याच्या प्रोबकडच्या बाजूला, नाही आला तर पॅनलकडच्या बाजूला. असं अर्धं-अर्धं करत दोन-चार वेळांत जागा सापडते.

सापडण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. जुनी कडक झालेली नळी जोडाच्या तोंडाशी फाटते. प्रोबच्या सॉकेटमधली ओ-रिंग (रबरी कडी) वाळते. आणि एक जागा हमखास विसरली जाते: जुनं उपकरण काढून टाकलं, पण त्याचा टी-जोड पॅनलमागे तसाच राहिला आणि त्यावर घाईत चिकटवलेली पट्टी उन्हाने सुटली. नळ्यांना हात लावल्यावर पिटो (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी) आणि स्टॅटिकची तपासणी अधिकृत तंत्रज्ञाकडून करून घ्या. व्हेरिओ चुकला तर थर्मल जाईल, एअरस्पीड इंडिकेटर चुकला तर त्याहून बरंच जास्त जाईल.

प्रोब बसवताना

वाकड्या टोकाच्या प्रोबची छिद्रं मागच्या बाजूला असतात, हवेच्या आडोशाला. प्रोब सॉकेटमध्ये थोडा फिरला की छिद्रं बाजूला सरकतात आणि दाब बदलतो. तो पूर्ण आत गेलाय का, सरळ आहे का, हे शेपटीसमोर वाकून पाहा. दुरून तो नेहमीच सरळ दिसतो. बुंध्याशी टेप लावा, छिद्रांजवळ नाही. पिटो, स्टॅटिक आणि टीई तिन्ही एकत्र असलेला प्रोब असेल तर एक ओ-रिंग खराब झाली तरी दोन दाब आतल्या आत मिसळतात, आणि तेव्हा लक्षणं इतकी विचित्र दिसतात की लोक उपकरणच बदलायला निघतात.

छिद्रांत किडा अडकणं, पावसानंतर नळीत पाण्याचा थेंब राहणं, धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली टेप तशीच राहणं, या तिन्ही गोष्टी उड्डाणाआधीच्या फेरीत दिसतात. पाणी असेल तर काटा अडखळत, झटक्याझटक्याने चालतो.

टीई दोनदा, किंवा एकदाही नाही

सेटिंगमधली सगळ्यात महागात पडणारी चूक ही. टीई दोन प्रकारे मिळते: प्रोबने, किंवा पिटो-स्टॅटिकच्या दाबावरून उपकरणाने स्वतः हिशोब करून. दोन्हींपैकी एकच हवी. बऱ्याच उपकरणांत प्रोब जोडला असेल तर टीई ०% ठेवायची असते, आणि इलेक्ट्रॉनिक टीईसाठी १००% च्या आसपास.

प्रोब जोडलाय आणि मेनूत १००% आहे, तर वजाबाकी दोनदा होते. नाक वर घेतलं की व्हेरिओ जोरात खाली जातं दाखवतो, नाक खाली केलं की चढ. उलट, नळी स्टॅटिकला जोडलीय आणि मेनूत ०% आहे, तर वजाबाकी होतच नाही. उपकरण दुसऱ्या ग्लायडरमधून काढून आणलं असेल तर ही गफलत हमखास होते, कारण आधीच्या मालकाचं सेटिंग त्यात जसंच्या तसं असतं. बसवल्या दिवशीच नळी हाताने माग काढत नेऊन ती खरंच कुठे जाते ते पाहा. नळीच्या रंगावर भरवसा ठेवू नका.

इलेक्ट्रॉनिक टीई वापरत असाल तर पिटो आणि स्टॅटिकच्या नळ्या शक्य तितक्या सारख्या लांबीच्या आणि जाडीच्या ठेवा. एक दाब आधी आणि दुसरा उशिरा पोचला तर त्या क्षणापुरता हिशोब चुकतो, आणि काटा आधी एका बाजूला झटकून मग परत येतो.

खात्री करायची असेल तर सकाळी लवकर, हवा शांत असताना उडा. ताशी १५० किमीला स्थिर व्हा, व्हेरिओवरचा उतार लक्षात ठेवा, मग हळूच नाक वर घेऊन ताशी ९० वर या. काटा त्या वेगाच्या नेहमीच्या उताराकडे सावकाश गेला तर सगळं ठीक. मध्येच शून्याच्या वर उडी मारली तर भरपाई कमी पडतेय, खोल खाली गेला तर जास्त होतेय. ओढताना काटा किंचित खाली जाणं मात्र बिघाड नव्हे. जास्त जी ओढल्यावर, म्हणजे पंखांवरचा भार वाढल्यावर, त्यांचा ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, ऊर्जा खरोखरच खर्च होते, आणि व्हेरिओ तेच दाखवतो. हीच चाचणी तीन-चार वेळा करा. दुपारी, थर्मल चालू झाल्यावर केलेल्या चाचणीवरून काहीही ठरवू नका.

झुळकेला दोष द्या, उपकरणाला नको

नळ्या पक्क्या, प्रोब सरळ, टीई बरोबर, तरी काटा मधूनच उसळतो. इथे अनेकजण पुन्हा मेनूत शिरतात, आणि इथेच थांबायला हवं. टीई व्हेरिओ समोरून आलेल्या झुळकेलाही ऊर्जा समजतो. ग्लायडर सेकंदाला ३० मीटर वेगाने जात असताना समोरचा वारा एका सेकंदात फक्त १ मीटर प्रति सेकंदाने वाढला, तर हिशोबाने ती ३ मीटर उंचीइतकी ऊर्जा झाली, आणि तेवढा एक सेकंद व्हेरिओ +३ दाखवतो. वेग जितका जास्त, तितकी ही उसळी मोठी.

ओळखायचं कसं? बसण्याच्या जागेवरून. खरा थर्मल खालून ढकलतो, सीटचा दाब वाढतो, आणि काटा मागाहून येतो. झुळकेत एअरस्पीडचा काटा आधी उडी मारतो, कॉकपिटमधला वाऱ्याचा आवाज बदलतो, पण पाठीखाली काही जाणवत नाही. दोन-तीन सेकंद थांबून मग वळायची सवय लावली की यातले बरेच फसवे चढ आपोआप गळतात. नव्या उपकरणांतले इनर्शियल व्हेरिओ हा फरक सेन्सरने ओळखतात, पण पॅनल किती तिरकं आहे तो कोन नीट भरलेला असेल तरच.

नेट्टो आणि विसरलेलं पाणी

नेट्टो म्हणजे ग्लायडरचा स्वतःचा उतार वजा करून उरलेली हवेची हालचाल. म्हणून शांत हवेत कुठल्याही वेगाला नेट्टो शून्य दिसला पाहिजे. तसा नसेल, आणि टीई आधीच तपासून झाली असेल, तर दोष पोलारमध्ये किंवा वजनात शोधा.

दिशा लक्षात ठेवा. पंखांत पाणी (वजन वाढवायला भरलेला बॅलास्ट) आहे पण मेनूत बिनपाण्याचं ग्लायडर लिहिलंय, तर जास्त वेगाला प्रत्यक्ष उतार उपकरणाच्या अपेक्षेपेक्षा कमी असतो, आणि नेट्टो उगाच चढ दाखवतो. पाणी सोडून दिलं पण मेनूत बॅलास्ट तसाच राहिला, तर नेट्टो वेगात सतत उणे राहतो आणि सगळं आभाळ मेलेलं वाटतं. पंखांवर किडे चिकटल्यावरही तसंच होतं. पाणी सोडायचा नॉब ओढला की लगेच बॅलास्टचा आकडा बदलायचा, हे एकाच कामाचे दोन भाग समजा.

रिलेटिव्ह नेट्टो हे आणखी वेगळं. ते सांगतं की इथे गोल फिरलात तर साधारण किती चढ मिळेल, म्हणून त्यातून वळणातला उतार, बहुतेकदा सेकंदाला ०.७ मीटरच्या आसपास, आधीच वजा केलेला असतो. पडद्यावर दोनपैकी कोणतं आहे हे माहीत नसेल तर +१ पाहून वळाल आणि हातात +०.३ येईल.

आवाज, डॅम्पिंग, सरासरी

आवाज स्पीड-टू-फ्लाय मोडमध्ये अडकून राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा बीप चढ सांगत नसतात, मॅकक्रेडीच्या (दोन थर्मलमध्ये किती वेगाने उडायचं ते ठरवणाऱ्या) हिशोबाने वेग वाढवा की कमी करा ते सांगत असतात. थर्मलमध्ये आवाज उलटासुलटा वाटला तर आधी तो स्विच पाहा. युनिटही पाहा: एक नॉट म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे नॉटमधला ४ हा मीटरमधला २ असतो.

डॅम्पिंग अगदी कमी केलं तर काटा थरथरतो, जास्त केलं तर तो गाभा ओलांडून गेल्यावर बोलतो. एक-दोन पायऱ्याच बदला, आणि एका उड्डाणात एकच गोष्ट. सरासरीचा काळ निदान एका वर्तुळाइतका हवा. ताशी ९० किमीला ४५ अंश कलून फिरलं तर एक वर्तुळ साधारण १६ सेकंदांत होतं, म्हणून २० ते ३० सेकंद योग्य. पाच सेकंदांची सरासरी ठेवणारा पायलट वर्तुळाच्या चांगल्या बाजूवर खूश होऊन कमकुवत थर्मलमध्ये वेळ घालवतो. आणि हे बदल थर्मलमध्ये, आजूबाजूला दुसरी ग्लायडरं फिरत असताना करू नका. तेव्हा नजर बाहेर हवी.

उरलेलं

जुन्या, हवेचा प्रवाह मोजणाऱ्या व्हेरिओला फ्लास्क (हवा साठवणारी बाटली) लागतो, नव्या प्रेशर सेन्सरवाल्याला नाही. उपकरण बदलताना फ्लास्क नळीवर तसाच राहिला तर काटा मंदावतो. जोडीला त्याच टीई नळीवर फ्लास्कवाला काट्याचा व्हेरिओ असेल, तर त्याच्या हवेच्या ये-जा मुळे इलेक्ट्रॉनिक व्हेरिओही उशीर करतो. शंका आली तर एक काढून, त्याचं तोंड नीट बंद करून उडून पाहा.

शून्य सरकलेला वाटत असेल तर उपकरण कुठे सुरू केलं ते आठवा. वाऱ्यात उभ्या ग्लायडरच्या प्रोबवर झुळका येतात, आणि सुरू होतानाच शून्य ठरवणारं उपकरण ती झुळूकच शून्य धरून बसतं. आडोशाला बंद करून पुन्हा सुरू करा.

रेडिओचं बटण दाबल्यावर काटा उडत असेल तर दोष नळ्यांत नाही, वायरिंगमध्ये आहे: अँटेनाची केबल व्हेरिओच्या तारांपासून दूर न्या आणि ग्राउंडचा जोड तपासा. उड्डाणाच्या शेवटच्या तासातच गडबड होत असेल, तर रेडिओवर बोलत असताना बॅटरीचा व्होल्टेज किती पडतो ते पाहा.