फिट आणि चेताजाळे: सिम्युलेशन करताना या चुका टाळा

पुण्यात अपस्माराचे (वारंवार फिट येण्याच्या विकाराचे) संगणकीय प्रारूप प्रकल्पासाठी घेणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा बहुतेकांनी एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते: मेंदूतील चेतापेशींच्या (न्यूरॉनच्या) आपसातील जोडण्या वाढल्या की एकतालता, म्हणजे पेशींचे एकाच तालात काम करणे, वाढते आणि एकतालता वाढली की फिट येते. पुढच्या बऱ्याच चुका या गृहीतकातूनच निघतात.

जोडण्या किती आहेत याइतकेच त्या कोणाकोणात आहेत हेही महत्त्वाचे असते. शेजारच्या पेशींनाच जोडलेल्या जाळ्यातील थोड्याशाच जोडण्या दूरवर वळवल्या, तर पेशींमधील सरासरी अंतर (एका पेशीपासून दुसरीपर्यंत पोचायला लागणाऱ्या जोडण्यांची संख्या) झपाट्याने घटते, हे वॉट्स आणि स्ट्रोगाट्झ या गणितज्ञांनी १९९८ मध्ये दाखवले. म्हणून एकूण संख्या कायम ठेवून फक्त मांडणी बदलून पाहावी. दोन्ही एकदम बदलल्यास परिणाम कशाचा हे कळत नाही.

सर्व न्यूरॉन हुबेहूब सारखे ठेवणे ही दुसरी चूक, कारण सारख्या पेशी फार सहज एका तालात येतात आणि तो ताल जाळ्याचा गुण समजला जातो. एकमेकांना जोडलेली आंदोलने एका तालात कशी येतात हे सांगणाऱ्या कुरामोटो यांच्या १९७५ च्या प्रारूपातही आंदोलनांच्या मूळ वारंवारितांमध्ये जितकी तफावत जास्त, तितकी एकतालतेसाठी लागणारी जोडणी प्रबळ असावी लागते. इतर पेशींची क्रिया दाबणाऱ्या अवरोधक पेशींना केवळ ब्रेक मानू नये. त्या ताल बांधूनही देतात, आणि पेशीत क्लोराइड साचले तर गॅबाचा (या पेशी सोडतात त्या रसायनाचा) परिणाम उत्तेजकही होऊ शकतो.

सर्वांत फसवी चूक ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत्-क्रियेच्या, नोंदीत होते. एका विद्यार्थिनीच्या आलेखात इलेक्ट्रोडच्या प्रत्येक जोडीत ५० हर्ट्झला जवळजवळ पूर्ण एकतालता दिसत होती. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती ओसरली. विजेचा हा हम फिल्टरने जातो, पण सामाईक संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकी सर्व इलेक्ट्रोड मोजले जातात तो) आणि कवटीतून पसरणारा प्रवाह यांमुळे येणारी खोटी एकतालता तशी जात नाही. नदीपात्रात सराव करणाऱ्या एकाच पथकासमोर दोन माइक ठेवले, तर दोन्हींत तोच ढोल येतो. त्यावरून पथके दोन आहेत असे म्हणता येत नाही. ही खोटी एकतालता कमी करण्यासाठी शेजारच्या इलेक्ट्रोडमधील फरक घ्यावा, किंवा शून्य विलंबाचा संबंध वगळणारे फेज लॅग इंडेक्ससारखे माप वापरावे.

मेंदूच्या आत इलेक्ट्रोड ठेवून घेतलेल्या अनेक नोंदींत फिटच्या आरंभी एकतालता घटलेली आणि शेवटाकडे वाढलेली आढळते. त्यामुळे संपूर्ण फिटची एकच सरासरी काढू नये. सुरुवात, मध्य आणि शेवट यांच्या खिडक्या (कालखंड) वेगळ्या ठेवून प्रत्येकीची तुलना फिटपूर्वीच्या शांत नोंदीशी करावी.