शिक्षणात खंड पडलाय आणि अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात जायचंय? आधी हे वाचा

कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या पदवीचं स्थानिक सरकारी कॉलेज) प्रौढांसाठी तीन वेगवेगळ्या सोयी असतात. नावं ऐकायला सारखीच वाटतात, पण फी, परीक्षा आणि शेवटी हाती पडणारा कागद तिन्हींचा निराळा. पहिली सोय प्रौढ मूलभूत शिक्षणाची: वाचन, लेखन, अंकगणित, आणि जोडीला इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ईएसएल. २०१४च्या केंद्रीय कायद्याखाली याला अनुदान मिळतं, त्यामुळे हे वर्ग बहुतेक ठिकाणी मोफत किंवा किरकोळ फीमध्ये होतात. दुसरी सोय जीईडी या परीक्षेच्या तयारीची. ती पास झालात की अमेरिकन हायस्कूलच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळतं. तिसरी डेव्हलपमेंटल, म्हणजे पदवीच्या वर्गात बसण्याआधीचं गणित आणि इंग्रजी. इथे नेहमीच्या दराने फी भरावी लागते, आणि यातले क्रेडिट सहसा पदवीत धरले जात नाहीत.

मराठी माध्यमातून बारावी किंवा बी.कॉम. झालेल्या अनेक जणी घाबरून थेट मूलभूत शिक्षणाच्या वर्गात जाऊन बसतात आणि वर्ष घालवतात. बारावी झाली असेल तर जीईडीची गरज सहसा नसते. पदवी असेल तर अडचण शिक्षणाची नसून इंग्रजीची आहे, हे आधी ओळखा आणि ईएसएलच्या वरच्या पातळीची चाचणी मागा. शिक्षण दहावीवर थांबलं असेल तर मात्र जीईडीचा विचार जरूर करा.

व्हिसाचं थोडक्यात. एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) शिकायला मोकळीक आहे. एफ-२ वरच्या (विद्यार्थ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) प्रौढाला फक्त अर्धवेळ शिकता येतं. बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रौढ शिक्षणाला १९९६च्या कायद्याने मनाई आहे. फी भरून पदवीचे वर्ग घेणं ही वेगळी गोष्ट. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत) ग्रीनकार्डधारकांना मिळू शकते, एच-४ वर मिळत नाही.

आता कागदपत्रं, कारण बरेच अर्ज इथेच अडकतात. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे गुणपत्रिका नव्हे. कॉलेजला गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र दोन्ही लागतात. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं. इथला कारकून तेच पहिलं नाव समजून नोंदवतो आणि पुढे प्रत्येक नोंदीत गोंधळ होतो. लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव आलं असेल, तर गुणपत्रिका आणि पासपोर्ट दोन वेगळ्या बायकांचे वाटतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र भारतातून निघतानाच बरोबर घ्या. मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर करून घ्या. जीईडीच्या केंद्रावर नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही, तर परीक्षेला बसूच देत नाहीत.

पदवीच्या वर्गांसाठी तुमची पातळी ठरवायला पुष्कळ राज्यांत ॲक्युप्लेसर ही चाचणी घेतात. तिला वेळेचं बंधन नाही. वाचन आणि गणिताच्या प्रत्येक भागात २० प्रश्न, लेखनात २५, गुण २०० ते ३००. तुमच्या उत्तरावर पुढचा प्रश्न सोपा की अवघड हे संगणक ठरवतो आणि मागे जाता येत नाही. म्हणून आपल्याकडची ‘अवघड सोडा, शेवटी बघू’ ही सवय इथे उपयोगी पडत नाही. समोरचा प्रश्न तिथेच, सावकाश सोडवायचा. ‘यात नापास होत नाही’ असं सांगितलं जातं, म्हणून लोक तयारी न करता जातात. नापास होत नाही हे खरं, पण गुण कमी पडले तर एक-दोन सत्रं आणि त्यांची फी वाढते. किमान तीन आठवडे अपूर्णांक, शेकडेवारी आणि सोपी समीकरणं घासून जा. सरावाचे प्रश्न ही चाचणी बनवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेकडे फुकट आहेत.

गणितात आपली माणसं चुकतात ती बहुतेक मापांत. ८ फूट ५ इंचातून ३ फूट ९ इंच वजा करताना हातचा १० नव्हे, १२ घ्यायचा. उत्तर ४ फूट ८ इंच. दहा घेतले की ४ फूट ६ इंच येतं, आणि पर्यायांत तेही उत्तर दिलेलं असतं. पौंडात १६ औंस, गॅलनमध्ये ४ क्वार्ट, हे पाठच हवं. एक लाख इथे 100,000 असा लिहितात, तारखेत महिना आधी.

जीईडीचे चार विषय वेगवेगळ्या दिवशी देता येतात: गणित ११५ मिनिटं, भाषा १५०, विज्ञान ९०, समाजशास्त्र ७०. प्रत्येकात १४५ गुण लागतात. एका विषयातले जास्त गुण दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. १६५ किंवा जास्त मिळाले तर काही कॉलेजं ॲक्युप्लेसरसारखी चाचणी माफ करतात. गणितात सूत्रांचा तक्ता मिळतो, पण पहिले काही प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचे असतात.

सगळ्यात जास्त काळजी भाषेतल्या ४५ मिनिटांच्या लेखनाची घ्या. परस्परविरोधी मतांचे दोन उतारे देतात आणि कुणाच्या युक्तिवादाला भक्कम पुरावा आहे ते विचारतात. तुमचं मत विचारतच नाहीत. शाळेत निबंधाला सुविचाराने सुरुवात करून शेवटी आपलं मत मांडायची सवय लागलेली असते; इथे त्याला गुण नाहीत. पहिल्याच वाक्यात कोणता उतारा जास्त पटण्याजोगा आहे ते सांगा, मग त्यातले दोन-तीन पुरावे आणि दुसऱ्या उताऱ्यातली एक ढिली जागा दाखवा. शेवटची पाच मिनिटं फक्त क्रियापदं तपासायला ठेवा.

डेव्हलपमेंटलबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: एकामागून एक पायऱ्या चढायला लावणारा जुना मार्ग शक्यतो घेऊ नका. तीन पायऱ्या असतील आणि प्रत्येकीवर १०० पैकी ७० जण पास होत असतील, तर तिसरीच्या शेवटी ३४ जण उरतात. मधल्या सुट्टीत नोकरी, बाळंतपण किंवा घर बदलण्यामुळे गळणारे त्यात धरलेलेच नाहीत. म्हणून टेनेसीने २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१९ पासून दिशा बदलली: विद्यार्थ्याला थेट पदवीच्या वर्गात बसवायचं आणि त्याच सत्रात जोडवर्ग द्यायचा. याला कोरिक्विझिट म्हणतात. कॅलिफोर्नियात तर गणित-इंग्रजीसाठी चाचणीऐवजी शाळेतले गुण बघतात. परदेशातून आलेल्यांना बहुधा प्रश्नावली भरून स्वतःच पातळी ठरवावी लागते, तेव्हा ती नम्रपणाने खालची भरू नका. समुपदेशकाला दोन गोष्टी विचारा: ‘माझ्या अभ्यासक्रमाला बीजगणितच लागतं की संख्याशास्त्र चालतं?’ आणि ‘जोडवर्गाचे तास कोणत्या वेळी आहेत?’ नर्सिंग, लेखा किंवा बालशिक्षण घेणाऱ्यांना संख्याशास्त्र चालत असेल, तर बीजगणितात सत्र घालवायचं कारण नाही. जोडवर्ग मुलांच्या शाळा सुटण्याच्या वेळेला आला तर दुसरी तुकडी मागा. तो बुडाला की मूळ विषयही हातचा जातो.

मोफत वर्गांची हजेरीही हलकी घेऊ नका. प्रगती कासास किंवा टेब चाचणीने मोजतात. तुमच्या तासांची आणि प्रगतीची नोंद कॉलेज सरकारला कळवतं, आणि पुढचं अनुदान त्यावर अवलंबून असतं. साधारण ४० तास भरण्याआधी पुढची चाचणी घेत नाहीत. भारतात सहा आठवड्यांसाठी जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी शिक्षकांना सांगा आणि सत्राच्या मधल्या सुट्टीत जा. जागा रिकामी राहिली तर यादीतल्या पुढच्या माणसाला देतात, आणि परतल्यावर पुन्हा पहिल्या चाचणीपासून सुरुवात करावी लागू शकते.